ताई, क्लच सोडा!

टायर पंक्चर झालेली गाडी एका अंगाला कलते, इंजिन तापलेली गाडी वाफा सोडते, आणि बघणाऱ्याला दया येते. बॅटरी उतरलेल्या गाडीच्या नशिबी ते सुख नाही. ती धुऊनपुसून लख्ख, चारी चाकांवर ताठ उभी असते आणि आत बसलेली बाई नुसती किल्ली फिरवत असते. मग सगळा संशय बाईवर. "ताई, न्यूट्रलमध्ये आहे ना?" हे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाने मला खिडकीत वाकून विचारलं. होती. न्यूट्रलमध्येच होती.

आवाज मात्र येत होता. कट-कट-कट-कट. आपण किल्ली फिरवतो तेव्हा सोलेनॉइड नावाचा एक खटका ओढला जातो आणि त्यातून स्टार्टर मोटरला करंट मिळतो. ही मोटर थोडक्यात भागवणारी नव्हे. तिला शंभर-दीडशे अँपिअर लागतात, कधी त्याहूनही जास्त. बॅटरीत तेवढा दम नसला की व्होल्टेज कोसळतं आणि खटका सुटतो. खटका सुटल्यावर मागणी थांबते, व्होल्टेज सावरतं, खटका पुन्हा ओढला जातो. उधारी वसूल करायला आलेला माणूस रिकाम्या हाताने जिना उतरतो आणि अर्ध्यातून परत वर येऊन कडी वाजवतो, तसं हे चालू राहतं.

हे सगळं मला माहीत होतं. पण माहिती असून उपयोग नव्हता, कारण माहिती तिथे सगळ्यांकडेच होती. तुटवडा फक्त करंटचा होता. एक गृहस्थ म्हणाले, प्लग कचरलेत. दुसरे म्हणाले, फ्यूज. वरच्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतूनच, चालत्या गाडीत बॅटरी भरणारा डायनॅमो गेल्याचं जाहीर केलं. गाड्यांमधून डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आल्याला कैक वर्षं झाली, पण काकांना ते सांगणार कोण? सायकलवरचा एक मुलगा म्हणाला, "पेट्रोल संपलं असेल." त्यावर सगळे मोठ्याने हसले आणि त्याला बाजूला सारलं.

घरून फोनवर वेगळीच चौकशी चालू होती : आतला दिवा रात्रभर कोणी चालू ठेवला? नवऱ्याचा रोख मुलीवर होता. मी गणित केलं. दिवा पाच वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी. बॅटरी पंचेचाळीस अँपिअर-तासांची. धडधाकट असती तर तो दिवा तिने चार दिवस सहज पेलला असता. हेडलाइट राहिले असते तर गोष्ट निराळी; पंचावन्न वॅटचे दोन दिवे पाच तासांत तिचा तळ गाठतात. तेव्हा मुलगी निर्दोष, आणि दोष वयाचा. अशा बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षं टिकतात, आणि गाडी नुसती उभी असतानाही घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक थोडं थोडं पीतच असतात. "तरी मी म्हणालो होतो, बदलून टाकू," नवरा म्हणाला. तो काहीही म्हणाला नव्हता.

तेवढ्यात मल्टिमीटरवाले आले. प्रत्येक गर्दीत एक मल्टिमीटरवाला असतोच आणि तो याच दिवसाची वाट बघत असतो. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी नखाने खरवडली आणि गंभीर चेहऱ्याने आकडा वाचला : "अकरा पूर्णांक आठ." मला हायसं वाटलं. बारा व्होल्टची बॅटरी, अकरा पूर्णांक आठ म्हणजे जवळजवळ पासच की! त्यांनी मान हलवली. भरलेली बॅटरी १२.६ दाखवते आणि ११.८ म्हणजे खडखडाट. एवढ्या बलाढ्य यंत्राची सगळी अब्रू पाऊण-एक व्होल्टवर टांगलेली.

करंट उसना घ्यायचा ठरलं. एका शेजाऱ्यांची नवीकोरी इलेक्ट्रिक गाडी समोरच उभी होती. त्यांनी पुस्तिका काढून दाखवली : या गाडीवरून दुसरी गाडी स्टार्ट करू नये. वर खासगीत सांगितलं की त्यांच्या गाडीतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी आहे, आणि ती उतरली तर खालची अवाढव्य बॅटरी भरलेली असूनही दार उघडायचीसुद्धा पंचाईत. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

शेवटी एक पेट्रोलवाली गाडी मिळाली आणि जंपर केबल निघाल्या. इथे खरं युद्ध झालं. लाल चिमटा आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरा लाल जिवंत बॅटरीच्या प्लसला, काळा जिवंतच्या मायनसला, इथवर एकमत होतं. शेवटचा काळा चिमटा मी इंजिनच्या उघड्या धातूला लावायला निघाले, तर चौघांनी "अहो, काळं काळ्याला!" म्हणून हात धरला. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून ती ठिणगी बॅटरीपासून लांब उडालेली बरी, असं मी सांगितलं. "हायड्रोजन" शब्दाने जरा वचक बसला. चौघेही दोन पावलं मागे सरकले आणि मला एकटीला पुढे केलं.

एवढं करून गाडी ढिम्म. केबल स्वस्तातली, बोटाएवढ्या जाड वेष्टणात दोऱ्याएवढी तार. करंट पोहोचण्याऐवजी केबलच तापली.

मग धक्का. काकांना एव्हाना राहवलं नव्हतं, ते खाली आले होते आणि पुढे हँडल फिरवून सुरू करायच्या जुन्या गाड्यांचं सांगत होते. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिन उलटा झटका देतं आणि हात मोडतो. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हळूहळू ही हाडं मोडायची थांबली. पण काकांच्या सुरात त्या हाडांबद्दल हळहळ होती.

"ताई, तुम्ही फक्त बसा. किल्ली ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबून ठेवा. सांगितलं की सोडा." हे बरोबरच होतं, फर्स्टमध्ये झटका जोरात बसतो. आणि ऑटोमॅटिक असती तर हा उद्योगही करता आला नसता. प्रश्न एवढाच होता की सांगणार कोण, हे ठरलं नव्हतं. गाडी हलली, वेग आला, आणि मागून एकदम आवाज : "सोडा!" "थांबा!" "आत्ता नको!" "ताई, सोडा की!" मी कोणाचंच न ऐकता सोडला. गाडीने जोरदार आचका दिला, मागचे सगळे डिकीवर आदळले, आणि इंजिन गुरगुरलं.

प्लगवाले, फ्यूजवाले, डायनॅमोवाले, सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. "आता अर्धा तास बंद करू नका," मल्टिमीटरवाल्यांनी बजावलं. "नुसती उभी ठेवून भागणार नाही, चालवा. एसी नको, रेडिओ नको."

तर मी निघाले. जायचं कुठेच नव्हतं. सिग्नल लागला की छातीत धस्स व्हायचं, क्लचवरचा पाय भीतीने उचलवत नव्हता. निम्मा वेळ झाला असेल-नसेल, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. सायकलवाला मुलगा अगदीच काही चुकला नव्हता.

पंपावर रांग नव्हती. मी इंजिन सुरू ठेवूनच काच खाली केली. नळी हातात घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्याने वरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ताई, गाडी बंद करा."