काठाकाठाने, धापा टाकत

पाणी समपातळीत असते, म्हणून पाण्याकाठची वाटही सपाटच असणार, असा निष्कर्ष काढणारा एखादा मित्र प्रत्येक टोळक्यात असतो आणि बेत आखण्याचे काम हटकून त्याच्याकडेच जाते. आमच्या या तर्कपंडिताने फोनवर नकाशा दाखवला, तेव्हा तलाव निळा, गुळगुळीत आणि अगदी निरुपद्रवी दिसत होता. त्याच्या कडेने गेलेली सायकलवाटेची तुटक रेघही तशीच सोज्ज्वळ होती. तिला जागोजागी छेदणाऱ्या, जमिनीचा चढ-उतार दाखवणाऱ्या तपकिरी समोच्चरेषा एकमेकींना इतक्या चिकटून का बसल्या आहेत, असे मी विचारले, तेव्हा ‘त्या डोंगराच्या आहेत, आपल्याला तलावाशी मतलब,’ असे उत्तर मिळाले.

वस्तुस्थिती अशी की, तलाव आजूबाजूच्या जमिनीच्या मानाने खोलगट जागी असतो आणि भोवतालचे सारे त्याच्याकडे उतरत येते. डोंगराच्या सोंडा थेट पाण्यापर्यंत येऊन थांबतात आणि दोन सोंडांच्या मध्ये एखादा ओढा घळ कापत तलावाला मिळतो. काठाने जाणाऱ्या वाटेला या सगळ्यांना ओलांडावे लागते; म्हणजे सोंडेवर चढायचे, घळीत उतरायचे, ओढ्यात बूट भिजवायचे आणि पुन्हा चढायला लागायचे. फेरी पूर्ण झाल्यावर आपण निघालो त्याच उंचीवर परत येतो हे खरे. पण मधल्या चढांची बेरीज करायला बसल्यास एखादे शिखर सर केल्याचा हिशेब निघतो, फक्त ते शिखर तेवढे वाटेत कुठेही लागत नाही.

चढाचे शास्त्र मित्रांनी मला चढावरच शिकवले. गिअर चढ लागण्यापूर्वी बदलायचा असतो, कारण चेनवर सगळा ताण असताना तो बदलू गेल्यास ती कडकड वाजत दात्यांवरून उडते. हे मौलिक ज्ञान मला दर वेळी ‘अरे, आधीच बदलायचा ना!’ या स्वरूपात, म्हणजे उपयोगाची वेळ टळून गेल्यावर मिळत राहिले. वजनाचेही तसेच आहे. सीटवर मागे रेलावे तर पुढचे चाक जमीन सोडते, हँडलवर फार पुढे झुकावे तर मागचे चाक मुरुमात जागच्या जागी फिरते. या दोहोंच्या मधली सुवर्णमध्याची जागा म्हणजे सीटचे पुढचे निमुळते टोक होय आणि तिथे बसण्याच्या अनुभवाविषयी सभ्य भाषेत लिहिणे अवघड आहे.

माझ्या सायकलला पुढे ३२ दात्यांची चकती आहे आणि मागची सर्वांत मोठी चकती ५१ दात्यांची. २९ इंची चाकाचा परीघ साधारण २.३ मीटर भरतो. म्हणजे सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जेमतेम १.४ मीटर पुढे सरकते. धट्टाकट्टा माणूस दोन पावलांत जवळजवळ तेवढेच अंतर चालतो, आणि तेही हेल्मेट न घालता. एवढ्या मंद वेगात सायकलीचा तोल राहत नाही, हँडल डावी-उजवीकडे भरकटू लागते आणि शेवटी एक पाय आपसूक जमिनीवर येतो. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जे दुचाकी यंत्र चालवून दाखवले त्याला पायडल नव्हते. त्यावर बसून जमिनीला पाय रेटत पुढे जायचे असे. पुढच्या पिढ्यांनी खपून त्याला पायडल, चेन, हवेचे टायर आणि गिअर बसवले. त्या सोंडेच्या निम्म्यावर मी हे सारे उपकार नाकारून पाय रेटत १८१७ सालात शिरलो होतो, तेवढ्यात मागून काठी टेकत आलेल्या एका आजोबांनी ‘जरा बाजूला घेता का, मला पुढे जायचंय,’ असे अत्यंत विनयाने विचारले.

उताराबद्दल अज्ञ लोकांचा असा समज असतो की, तिथे विश्रांती मिळते. वाट जेमतेम हँडलाएवढी रुंद, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला, बऱ्याच खाली, आपण ज्याच्यासाठी आलो तो तलाव. थांबताना भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे पुढचा ब्रेक अधिक परिणामकारक असतो. तो घाबरून करकचून दाबला की सायकल थांबते, स्वार मात्र थांबेलच असे नाही. त्यात वाटेवर झाडांची मुळे आडवी आलेली. शेकडो टायरांनी घासून त्यांची साल गेलेली असते, आतले पिवळट लाकूड काचेसारखे तुळतुळीत झालेले असते आणि त्यावर ओल असली की तिरके आलेले चाक क्षणात निसटते. ती काटकोनात आणि ब्रेक न लावता ओलांडायची असतात. शिवाय नजर जाईल तिकडे सायकल जाते, हा या विद्येचा मूलमंत्र असल्याने मागून सारखी सूचना येत होती : ‘तलावाकडे बघू नकोस!’ तलाव पाहण्यासाठी एवढ्या लांब आणलेल्या माणसाला तलावाकडे पाहण्याची बंदी घालणारे मित्र मी तरी अन्यत्र पाहिलेले नाहीत.

इतर वाटांचा शेवट निदान वळणांआड दडलेला असतो. तलावाभोवतीच्या वाटेवर तो सारखा समोर दिसतो. पाण्यापलीकडे आमच्या गाड्या उभ्या होत्या, दगड भिरकावला तर काचेवर लागेल इतक्या जवळ वाटाव्यात अशा. पण वाटेने तिथे पोहोचण्यासाठी जमिनीत घुसलेल्या तलावाच्या प्रत्येक बोटाला वळसा घालणे भाग होते. दर वळसा पुरा झाल्यावर पाहावे तर गाड्या होत्या तेवढ्याच लांब. त्यातच संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड होते, वरची उबदार राहते आणि त्यामुळे वर जाणारा आवाज खाली वळून पाण्यावरून लांबवर ऐकू येतो. या नैसर्गिक सोयीचा लाभ घेऊन आधी पोहोचलेली मंडळी पैलतीरावरून ‘कितीऽऽ वेऽऽळ?’ असे विचारत होती आणि त्यानंतरचे हसणेही निसर्गाने जराही काटछाट न करता माझ्यापर्यंत पोहोचवले.

माझ्याबरोबर मागे राहिलेल्या तर्कपंडिताच्या चाकाने अखेरच्या घळीत मान टाकली, तेव्हा मला झालेला आनंद मी लपवला, असे मी म्हणणार नाही. टायरमध्ये हवा कमी असली आणि चाक दगडावर आपटले की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटून तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. ट्यूब बाहेर काढून पंपाने फुगवली, पण ओढ्याच्या खळखळाटात हवेची फुसफूस काही कानांवर येईना. मग आम्ही तिला तलावाच्या पाण्यात बुडवून वीत-वीत पुढे सरकवू लागलो. गुडघ्यांवर वाकून, श्वास रोखून आम्ही पाण्याकडे टक लावून बसलो आणि दोन बारीक बुडबुड्यांच्या माळा वर आल्या तेव्हा दोघेही ओरडलो. त्या अख्ख्या सहलीत तलाव निवांतपणे पाहायला मिळाला तो एवढाच, साधारण पाटाएवढा.

गाड्यांपाशी पोहोचलो तेव्हा आधी आलेल्यांची विश्रांती पुरी झाली होती, त्यामुळे ‘चला, निघू या’ हे ओघाने आलेच. मी मात्र सायकल आडवी टाकली आणि तिच्या शेजारी स्वतःही आडवा झालो. आमच्यातल्या एका अभियंत्याने मला ऐकवले की, निघालो त्याच जागी परत आल्यामुळे गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबी आपले एकूण काम शून्य भरते. चढावर कमावलेली सगळी ऊर्जा उतारावर ब्रेकच्या चकत्यांत उष्णता होऊन गेली. चकतीला बोट लावून पाहिले, तर ती खरोखरच चटका बसण्याइतकी तापलेली होती. तेवढ्यात तर्कपंडिताने, पुढच्या वेळी उलट्या दिशेने फेरी मारली तर आजचे सगळे चढ उतार होतील, असा सिद्धान्त मांडला. यावर हसण्याइतकीही ताकद कोणात उरलेली नव्हती, आणि बाटलीतले उरलेसुरले पाणी पोटात गेल्यावर तर मला त्याच्या म्हणण्यात बरेच तथ्य दिसू लागले.