‘तेजी आली, गोदाम भरा’: या सल्ल्यावर कारखाना चालवू नका

कुपवाड, मिरज, पलूसपासून साताऱ्याच्या एमआयडीसीपर्यंत आणि पुढे शिरवळपर्यंत उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. मंदी सरली, आता उभारीच्या काळात कारखानदाराने काय करावं, याचे त्यात पाच सल्ले आहेत. जस्ट इन टाइमचे, म्हणजे लागेल तेव्हाच माल मागवण्याचे, दिवस संपले, किमान तीन महिन्यांचा कच्चा माल भरून ठेवा. ऑर्डरी वाढल्या म्हणजे मागणी परतली, तेव्हा लगेच मशीनं वाढवा. दहा छोटे पुरवठादार सांभाळत बसण्यापेक्षा एकच मोठा धरा. चीनचा माल बंद करा, सगळं इथंच बनवा. आणि ईआरपी (साठा-हिशेब एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली), रोबो, एआय न घेणारा कारखाना दोन वर्षांत बंद पडेल.

माझी नोकरीची बरीच वर्षं खरेदी विभागात गेली. प्रत्येक सल्ल्यात थोडं खरं आहे, म्हणूनच लोक तो विश्वासाने पुढे पाठवतात. पण रुपया किती दिवस अडकतो, हा प्रश्न सबंध संदेशात एकदाही येत नाही. मंदीत कारखाना ऑर्डरीवाचून अडतो आणि उभारीत पैशावाचून. हे ज्याला दिसत नाही, त्याने लहान उद्योजकाला सल्ला देऊ नये.

आधी तीन महिन्यांच्या साठ्याचं बघू. समजा, धातूचे भाग कापून देणाऱ्या एका मशीन शॉपची महिन्याची विक्री २० लाख आहे आणि त्यातला कच्चा माल १२ लाखांचा. एक महिन्याचा माल स्टोअरमध्ये, पंधरा दिवसांचा मशीनवर आणि तयार मालात, आणि बिल दिल्यावर पैसे यायला दोन महिने. म्हणजे साडेतीन महिन्यांच्या कच्च्या मालाइतके, ४२ लाख रुपये कायमचे गुंतलेले. पगार, वीजबिल यात धरलेलंच नाही. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या निकषाप्रमाणे बँक अंदाजित वार्षिक उलाढालीच्या २० टक्के खेळतं भांडवल देते. २ कोटी ४० लाखांवर ते होतं ४८ लाख. कसंबसं बसतं.

आता ऑर्डरी दीडपट झाल्या. कच्चा माल १८ लाखांचा, दिवस तेवढेच. गुंतलेली रक्कम झाली ६३ लाख. एक रुपया नफा हातात यायच्या आधी २१ लाख जास्त लागले. त्यात संदेशाचं ऐकून साठा तीन महिन्यांचा केला, तर साडेपाच महिन्यांचे ९९ लाख. निकष अंदाजित उलाढालीचा असला तरी बँकेतला अधिकारी अंदाज मान्य करताना गेल्या वर्षीचा ताळेबंद उघडतो, आणि गेलं वर्ष मंदीचं होतं. सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा, ४८ लाखांवरच राहते. उरलेले ५१ लाख कुठून आणायचे, हे संदेश सांगत नाही. भाव चढत असताना लोखंडाचा व्यापारी उधारी देत नाही, रोख मागतो. मग घरातलं सोनं गहाण पडतं किंवा खासगी सावकार गाठावा लागतो.

शिवाय भरलेला माल महागच होत जाईल, याची हमी कोण देणार? २०२० च्या मध्यापासून पोलादाचे भाव चढत गेले आणि एप्रिल २०२२ पर्यंत ‘अजून चढणार’ हेच सगळीकडे ऐकू येत होतं. २२ मे २०२२ रोजी केंद्राने पोलादाच्या अनेक प्रकारांवर आणि पिग आयर्नवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं आणि देशातले भाव उतरले. १९ नोव्हेंबरला ते शुल्क मागेही घेतलं. एप्रिलच्या भावाने गोदाम भरलेल्याने तोच माल पुढचे कित्येक महिने तोट्यात कापला, कारण गिऱ्हाईक कच्च्या मालाचा दर त्या त्या वेळच्या बाजारावर ठरवतं.

जस्ट इन टाइम संपलं हेही खरं नाही. ज्या टोयोटाने ती पद्धत उभी केली, तिनेच मार्च २०११ च्या भूकंपानंतर पुरवठादारांना चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. बाकीचं काम पूर्वीसारखंच चालू राहिलं. २०२१ च्या सुरुवातीला जगभरच्या गाड्यांच्या कंपन्या चिप्सविना थांबल्या, तेव्हा टोयोटा चालू होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिलाही जगभरातलं उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कापावं लागलं. साठा वेळ मिळवून देतो, तोही मोजकाच.

म्हणून साठा करायचा तर वस्तू निवडून. प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न विचारा: ही नसली तर किती मशीनं थांबतील, आणि पुन्हा मिळायला किती आठवडे लागतील? संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या ड्राइव्हचं कार्ड, बाहेरून येणारं विशिष्ट बेअरिंग, एकाच कंपनीचा इन्सर्ट (धातू कापणारं पातं) हे कपाटात असू द्या. त्यांची किंमत थोडी आणि ती नसण्याची किंमत मोठी. फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी दारात येणारा पोलादाचा बार तीन महिन्यांचा भरून काय साधणार?

आपल्या भागात साठ्याचा संबंध कॅलेंडरशीही आहे, आणि बाहेरून आलेल्या सल्ल्यात हे कधीच नसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि सांगली-कोल्हापूर वाहतूक तुटली. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा बंद पडला. ज्यांचं कास्टिंग (ओतीव भाग) कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येतं, त्यांनी जुलै-ऑगस्टपुरता दोन-तीन आठवड्यांचा जादा माल ठेवावा आणि ज्यांचं गिऱ्हाईक पुण्याकडे आहे, त्यांनी थोडा तयार माल तिकडे आधीच पोहोचवावा. सप्टेंबर उलटला की तो साठा मोडून पैसा मोकळा करावा.

‘ऑर्डरी वाढल्या म्हणजे मागणी परतली’ हा दुसरा सल्ला मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो ऐकून घेतलेलं कर्ज पाच-सात वर्षं मानेवर बसतं. विक्रेत्याकडे गिऱ्हाईक दहा टक्क्यांनी वाढलं की तो माल कमी पडायच्या भीतीने वीस टक्के जास्त मागवतो. कंपनी त्यावर स्वतःची भीती चढवते, सुट्या भागांचा पुरवठादार आपली, आणि शेवटी फाउंड्रीच्या दारात दीडपट शेड्यूल (मागणीचं वेळापत्रक) येऊन पडतं. माल उशिरा मिळतोय असं दिसलं की तीच ऑर्डर दोघांकडे टाकली जाते. पुरवठा सुरळीत झाला की दुसरी रद्द. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात आणि व्यवस्थापनशास्त्रात त्याचा अभ्यास १९६० च्या दशकापासून होत आलाय. उभारीत तो सगळ्यात जोरात असतो, कारण मंदीत प्रत्येकाने आपलं गोदाम रिकामं केलेलं असतं. सुरुवातीच्या ऑर्डरींचा मोठा भाग त्या रिकाम्या गोदामांचा असतो. ती एकदाच भरतात.

सरकारी तारखांमुळेही असाच फुगवटा येतो. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के होणार हे जाहीर झालं आणि २२ सप्टेंबरला तो लागू झाला. मधले दिवस शेतकरी थांबला, मग सणात एकदम खरेदीला आला. ट्रॅक्टरचे भाग करणाऱ्याला आधी खड्डा दिसला आणि मग डोंगर. त्यातल्या कुठल्याच आठवड्यावर नवं व्हीएमसी (महागडं कापकामाचं मशीन) घ्यायचा निर्णय बेतता येत नाही. जुलै २०२३ पासून जनरेटरच्या इंजिनांना प्रदूषणाचे नवे नियम लागले. अशा प्रत्येक तारखेआधी जुन्या प्रकारचा माल उचलण्याची घाई होते, आणि इंजिनांवर जगणाऱ्या साताऱ्या-सांगलीच्या कारखान्यांनी ती घाई म्हणजे मागणी समजू नये.

मशीन घ्यायच्या आधी तिसरी पाळी चालवून बघा, शेजारच्या शेडमध्ये जॉब वर्क द्या. आणि गिऱ्हाइकाकडून दोन गोष्टी लेखी घ्या. पुढच्या महिन्याचं पक्कं शेड्यूल, आणि शेड्यूल कापलं तर तयार व अर्धवट माल कोणाच्या अंगावर. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जो देत नाही, त्याच्या ‘ओपन पीओ’वर (संख्या न बांधलेल्या खरेदी ऑर्डरीवर) बँकेत जाऊ नका.

एकच मोठा पुरवठादार धरण्याबद्दल पुन्हा टोयोटाचंच उदाहरण देतो. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह ती जवळजवळ सगळाच आयसिन या एका कंपनीकडून घेई. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिनच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. व्हॉल्व्हचा साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने थांबले. तरी आठवडाभरात गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या, कारण ६० हून जास्त कंपन्यांनी आपापल्या मशीनवर तो व्हॉल्व्ह करून दिला. शिलाई मशीन करणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती. ज्यांना संदेश ‘सांभाळायची कटकट’ म्हणतो, तशाच लहान शॉपनी तेव्हा मोठ्याला उभं केलं.

कुपवाड-मिरज पट्ट्यात पॅटर्न (ओतकामाच्या साच्याचा नमुना) करणारा, मशीनिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला जवळजवळ आहेत आणि ओतकाम कोल्हापुरापर्यंत पसरलेलं आहे. एकाला ८०, दुसऱ्याला २० टक्के काम दिलं तर दर थोडा जास्त पडेल, पण दुसऱ्याकडे पॅटर्न आणि भाग मशीनवर धरायचं फिक्श्चर तयार राहील. मंदीत ज्याचं काम पूर्ण काढून घेतलं, त्याचा कारागीर गावी किंवा पुण्याला गेलेला असतो. उभारीत फोन करून तो परत येत नाही.

चीनच्या मुद्द्यावर थोडकंच. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल स्टेशनजवळच्या माळावर कारखाना आणला, तेव्हा आजूबाजूला काहीच मिळत नव्हतं आणि सगळं स्वतः करण्याला पर्याय नव्हता. आज कास्टिंग आणि मशीनिंग इथलंच आहे. चीनवर आपण अडतो ते एक-दोन पायऱ्या आत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्या वाहन उद्योगाला त्याची झळ लागली, तीही ज्यांनी चीनला कधी थेट ऑर्डर दिली नव्हती त्यांना. तेव्हा घोषणेपेक्षा आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, याची यादी करणं जास्त उपयोगाचं.

आता तंत्रज्ञान. ते घ्यायलाच हवं, पण संदेशातला क्रम उलटा आहे. स्टोअरमध्ये एकच बोल्ट तीन नावांनी लिहिलेला असेल तर ईआरपी ती चूक फक्त जास्त वेगाने छापून देईल. आधी प्रत्येक वस्तूला एक कोड, मग बारकोड, मग कागदावरचा आणि रॅकवरचा साठा दर आठवड्याला जुळतोय का ते बघणं. एवढ्यानेच डेड स्टॉक (न हलणारा माल) उघडा पडतो आणि त्यात अडकलेला पैसा सुटतो. जुन्या लेथला विजेचा प्रवाह मोजणारा सेन्सर लावून मशीन पाळीत प्रत्यक्ष किती वेळ कापतं, हे कळू शकतं. बऱ्याच ठिकाणी तो वेळ मालकाच्या अंदाजापेक्षा कमी निघतो, आणि मग नव्या मशीनचा विचार आपोआप मागे पडतो. फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशनचा, म्हणजे ओतकाम आधी संगणकावर करून बघण्याचा, खर्च मला पूर्ण पटतो, कारण नव्या पॅटर्नच्या चाचण्यांत वाया जाणारी वीज आणि धातू त्यात वाचतात. रोबो मात्र रोज तोच भाग, त्याच संख्येने लागणार असेल तरच. उभारीच्या पहिल्या वर्षात नेमकी हीच खात्री नसते.

संदेशात जे नाही ते शेवटी मांडतो, कारण वरच्या गणितातले सगळ्यात मोठे दोन महिने गिऱ्हाइकाकडे अडकलेले आहेत. २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही अशी तरतूद आली की मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती केल्याशिवाय खरेदीदाराला ती खर्चात धरता येत नाही. उद्यम नोंदणीचा (लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) क्रमांक बिलावर छापा. तो तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे. पाच कोटींवर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुमचं ई-इनव्हॉइस निघतंच आहे, म्हणजे बिलाचा पक्का पुरावा तयार आहे.

आणि ट्रेड्स, म्हणजे बिलांवर लवकर पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच. या मंचावर खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे काही दिवसांत मिळतात आणि खरेदीदाराने पुढे थकवलं तरी बँक विक्रेत्याच्या मागे लागत नाही. २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत इथे नोंदणी सक्तीची केली गेली. त्या आदेशातली सक्ती नोंदणीची होती, बिलं तिथे चढवण्याची नव्हती. म्हणून पुढचं शेड्यूल घ्यायला जाल तेव्हा खरेदी अधिकाऱ्याला दर विचारायच्या आधी हे विचारा: ‘साहेब, तुमची ट्रेड्सवर नोंदणी झालीय, पण आमची बिलं कधीपासून चढवताय?’ ४२ लाखांच्या त्या गणितात दोन महिन्यांचे पंधरा दिवस झाले, तर ऑर्डरी दीडपट झाल्यावरही ६३ लाखांऐवजी ३६ लाखांतच काम भागतं.