सदस्य संख्या : १

रात्री पावणेबाराला मी २१४ माणसांची एक्सेल शीट वेबसाइटवर चढवली, एकेक आडनाव डोळ्यांत तेल घालून तपासून, आणि मोठ्या हौसेनं 'सदस्य' नावाचं पान उघडलं तर तिथे लिहिलेलं, सदस्य संख्या : १. तो एक म्हणजे मीच. माझ्या नावासमोर करड्या रंगाचा बिनचेहऱ्याचा माणूस, आणि बाकी पान स्वच्छ, सारवलेल्या अंगणासारखं.

वाटलं एक्सेल गंडली. परत चढवली तर साइट म्हणे हे ईमेल आधीच नोंदलेले आहेत. म्हणजे माणसं आत आहेत पण यादीत नाहीत. बायको मागून बघत होती, म्हणाली तुमच्या मंडळाच्या मीटिंगसारखंच झालं की, रजिस्टरात दोनशे आणि हॉलमध्ये तुम्ही आणि शाळेचा शिपाई. मी चिडलो. तीन रात्री सगळं उलटंपालटं करून पाहिलं, आणि शेवटी कळलं की ती जे टोमणा म्हणून बोलली तेच खरं टेक्निकल कारण होतं. आमची साइट ज्या बडीप्रेसवर चालते त्याची रीतच अशी की जो माणूस एकदाही लॉगिन करून आत आला नाही त्याला ते सदस्यांच्या यादीत धरत नाही. आधी हजेरी, मग नाव. आमच्या मंडळाच्या घटनेत हा नियम असता तर गेल्या कित्येक वर्षांत कोरमच झाला नसता.

आमचं मंडळ म्हणजे सिंधुदुर्गातल्या एका गावच्या चाकरमान्यांचं मुंबईतलं मंडळ. कधीकाळी सगळे परळ-लालबागच्या गाळ्यांमध्ये राहायचे, एका गाळ्यात वीस-वीस जण, तेव्हा निरोप पोचवायला वेबसाइट लागत नव्हती, गॅलरीत उभं राहून हाक मारली की झालं. आता गाव डोंबिवली, विरार, बदलापूर, पनवेल असं पसरलंय. म्हणून वार्षिक सभेत ठराव झाला की वेबसाइट काढायची, प्रत्येकाचं प्रोफाइल, प्रत्येक वाडीचा ग्रुप, आणि सेक्रेटरी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कॉम्प्युटरात आसस मां?" मी कॉम्प्युटरात नाहीय. मी ठाण्याला एका कंपनीत परचेसला आहे. पण मागे एकदा मंडळाच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी काढला होता, त्या पुण्याईवर ही जबाबदारी आली.

वेबसाइट बांधायचं वर्डप्रेस फुकट, त्यावर सदस्य आणि ग्रुपांसाठी चढवायचं बडीप्रेसही फुकट. फुकट शब्द ऐकल्यावर खजिनदारांनी पुढे काही ऐकलंच नाही. पैसे फक्त होस्टिंगचे, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचे, तेही आम्ही सगळ्यात स्वस्तातलं घेतलं, ते का स्वस्त होतं हे यथावकाश कळलं.

उद्घाटन शाळेच्या हॉलमध्ये. अध्यक्षांनी लॅपटॉपला हार घातला, नारळ वाढवला, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या पोरान जा काय मांडलला हा तां निर्विघ्न चलू दे, खंय कोणाची नदर लागली आसात तर ती भायर काड," आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणल्यावर मी पडद्यावर 'वाड्या' या मेन्यूवर क्लिक केलं. ४०४. पान सापडलं नाही. मी 'सदस्य'वर क्लिक केलं. ४०४. मागून कोणीतरी म्हणालं, "ह्यो चारशेचार नंबर कोणाचो?" अध्यक्षांना वाटलं हा आपल्या मंडळाचा रजिस्ट्रेशन नंबर, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. दुसरं करणार काय.

घरी येऊन शोधलं तर उपाय असा, आणि हा मी शपथेवर सांगतो, की सेटिंगमध्ये जायचं, पर्मालिंक्स उघडायचं, काहीही बदलायचं नाही आणि 'बदल सेव्ह करा' दाबायचं. बस. देवळात जाऊन नुसती घंटा वाजवायची, मागायचं काही नाही, आणि परत यायचं. त्याने म्हणे कुठला पत्ता कुठल्या पानाला जातो याचे आतले नियम नव्याने लिहिले जातात. पाच सेकंदांचं काम. आणि त्यासाठी माझा रविवार गेला, अध्यक्षांचा नारळ गेला.

मग नावनोंदणी. सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर कळवलं की आजपासून रजिस्टर करा, आणि सगळ्यांना दिसलं की 'सध्या नावनोंदणी बंद आहे'. वर्डप्रेसच्या जनरल सेटिंगमध्ये 'कोणीही नोंदणी करू शकतो' असा एक चौकोन असतो, तो मुळातच रिकामा असतो आणि मी त्यावर टिक केलेली नव्हती. चूक माझी, पूर्ण मान्य. पण खालच्या वाडीत तोवर बातमी पोचली होती की वरच्या वाडीवाल्यांची नोंदणी करून घेतली आणि आपली पाळी आल्यावर दार लावलं. मला अण्णांचा फोन, "आमी काय मेलंव?" मी त्यांना टिकचा चौकोन समजावला. ते म्हणाले, चौकोन कोणी रिकामो ठेवलो तां आमका म्हायत आसा.

नोंदणी चालू झाल्यावर खरे प्रश्न निघाले. एका ईमेलवर एकच खातं, आणि आमच्याकडे अख्ख्या घराला मिळून एक ईमेल असतो, तो मुलाने बारावीच्या फॉर्मसाठी काढलेला. त्यावर मी जुगाड शोधला, जीमेलमध्ये नावाच्या पुढे अधिकचं चिन्ह टाकून आई, बाबा, काकू असं काहीही लिहिलं तरी मेल त्याच पेटीत येते आणि साइटला मात्र वाटतं की नवीन पत्ता आहे. एका घरात मी असे सहा पत्ते करून दिले. युजरनेम देवनागरीत चालत नाही, म्हणून इंग्रजीत, आणि गावात आडनावं तीन, प्रत्येकाचं स्पेलिंग चार तऱ्हेचं, नावं आजोबांची फिरून फिरून ठेवलेली, त्यामुळे 'हे नाव आधीच घेतलेले आहे' हे वाक्य साइटने जितक्या वेळा म्हटलं असेल तितकं 'स्वागत आहे' नाही म्हटलं. सांगितलं, नावापुढे २ लावा. "मी दोन नंबरचो कित्याक? तो दोन नंबरचो!" चुलतभाऊ आहेत दोघं.

टक्क्यांचं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. मी 'गावातील सार्वजनिक वाचनालय' असं पान केलं आणि लिंक ग्रुपवर टाकली. देवनागरी अक्षर लिंकमध्ये गेलं की त्याचं टक्का ई शून्य टक्का ए चार टक्का अमुक असं होतं, एकेका अक्षराची नऊ चिन्हं, काना-मात्रेचीसुद्धा वेगळी नऊ, आणि वर्डप्रेसमध्ये या नावाला जागा असते २०० चिन्हांची. हिशोब करा, बावीस अक्षरं-मात्रांत कोटा संपला. आमचं पान 'वाचनाल'वर येऊन थांबलं, य बाहेर राहिला. पण लोकांचं य कडे लक्षच नव्हतं. मोबाइलवर मालगाडीसारखी लांबलचक लिंक, त्यात बासष्ट... नाही, सहासष्ट टक्के, मी मोजलेत. खजिनदारांचा फोन, "वाचनालयाच्या कामात हे टक्के कसले रे? कोणाक देवचे आसत?" वाचनालयाचं बांधकाम तेव्हा चालू होतं, त्यामुळे हा प्रश्न पुढच्या सभेच्या अजेंड्यावर गेला. आता सगळ्या पानांचे पत्ते मी इंग्रजीत, छोटे, हाताने लिहितो. मराठीचा अभिमान मलाही आहे पण ऑडिट नको.

फोटोंबद्दल थोडक्यात. फोटो न टाकलेल्या प्रत्येकाला तो करडा बिनचेहऱ्याचा माणूस मिळतो, त्यामुळे सुरुवातीला आमचं मंडळ पोलीस स्टेशनबाहेरच्या बोर्डासारखं दिसत होतं. टाकायला जावं तर होस्टिंगची मर्यादा २ एमबी, आणि पोरांनी घेऊन दिलेल्या फोनचा एक फोटो ५ एमबीचा. ती मर्यादा वाढवून घेतली तर पुढे कापाकापी, फोटो अपलोड झाल्यावर एक चौकोन येतो आणि त्यात आपला चेहरा बसवायचा असतो, हे लोकांना कळेना, ते सरळ ओके दाबायचे. एका काकांच्या प्रोफाइलवर दीड महिना नुसता गणपतीचा उंदीर होता. एकांचा कान. आणि एका वैनींनी लग्नातला चाळीस जणांचा ग्रुप फोटो टाकला, जो यादीत ५० बाय ५० पिक्सेलमध्ये दिसतो, आणि मला विचारलं मी त्यात कशी दिसते. मी म्हटलं, छान.

आता मुख्य गोष्ट, क्रम. गावात कोण कुठे उभा राहणार, पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ आधी कोणाला, हे पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे आणि त्यावरून माणसं कोर्टात गेलेली आहेत. बडीप्रेसला यातलं काही माहीत नाही. ते यादी लावतं 'शेवटी कोण येऊन गेलं' यावर, जो आत्ता आला तो सगळ्यात वर. त्यामुळे झालं असं की मुख्य मानकरी सतराव्या नंबरवर आणि पहिल्या नंबरवर त्यांचा भाचा, जो गावचा पण नाही, आजोळी वाढला म्हणून आम्ही घेतला. मानकरी काकांनी मला फोनवर शांतपणे विचारलं, "ह्यां कोणी ठरवला?" त्यांचा शांत आवाज मला लहानपणापासून माहीत आहे. मी कारण सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे मी आता उघडलं तर मी वर? मी म्हटलं, हो. इथे मी चुकलो.

दुसऱ्या दिवसापासून ते दर तासाला साइट उघडायला लागले. हे खालच्या वाडीला समजलं. मग अण्णा उघडायला लागले. मग कळलं की रात्री दोनला उघडून झोपलं तर सकाळी सहापर्यंत माणूस वर राहतो, तर विरारहून कोणीतरी साडेचारची लोकल पकडताना उघडायला लागलं. सेक्रेटरींनी कार्यकारिणीत आकडे दाखवले, बघा साइट किती लोकप्रिय झाली. कोणी काही वाचत नव्हतं हो, नुसते येऊन वर बसत होते.

शेवटी मी यादी अकारविल्हे लावली, म्हटलं बाराखडीशी कोण भांडणार. तर ज्यांनी प्रोफाइलचं नाव इंग्रजीत टाकलं होतं ते सगळे देवनागरीच्या आधी गेले, आणि ज्यांनी मानाने 'श्री.' लावून लिहिलं होतं ते सगळे श पाशी, तळाला. मानकरी काका अर्थातच 'श्री.'वाले. आठवड्याभरात यादीत 'अॅड.' एकदम वाढले. गावात वकील एकच आहे.

मैत्रीचं बटन मी बंदच करून टाकलं. सातबारावर ज्यांची नावं एकाखाली एक आहेत आणि कुडाळच्या कोर्टात ज्यांची तारीख पडत्येय अशा दोन सख्ख्या भावांपैकी एकाला साइटने कळवलं की अमुक यांनी तुमच्याकडे मैत्रीची विनंती पाठवली आहे. चुकून दाबलं गेलं होतं. पण वकिलांनी त्याचा प्रिंटआउट काढला.

साइट हळू चालते म्हणून मी मध्येच एक कॅशेचं प्लगिन टाकलं. ते काय करतं तर एकदा तयार झालेलं पान जपून ठेवतं आणि पुढच्याला तेच वाढतं, पंगतीत उरलेली भाजी फिरवावी तसं. हे बाहेरून येणाऱ्यांसाठी ठीक, पण लॉगिन केलेल्यांसाठी बंद ठेवायचं असतं, ते मी ठेवलं नाही. आणि त्या रात्री खजिनदारांनी आपलं प्रोफाइल उघडलं, ते पान जपलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी 'माझे प्रोफाइल' दाबणारा प्रत्येक माणूस खजिनदार झाला. डोंबिवलीत खजिनदार, पनवेलला खजिनदार, नालासोपाऱ्याची काकू खजिनदार. अख्खा दिवस माझा फोन वाजत होता. एकाने विचारलं, मग आता सही कोणाची चालणार? बँकेत कोणी गेलं नाही ही देवाची कृपा. प्लगिन काढलं, कॅशे साफ केला, तरी दोघांच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये ते पान राहिलंच होतं, ते चार दिवस खजिनदारकी सोडायला तयार नव्हते.

सध्या साइट बरी चाललीय. सदस्य संख्या १३७. परवा रात्री सहज यादी बघत होतो तर त्यात आबा, 'दोन तासांपूर्वी सक्रिय'. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली. माझ्या अंगावर काटा. जुनी एक्सेल तशीच चढवली होती, त्यात गेलेली माणसं गाळायची राहिली हे तेव्हा लक्षात आलं, पण गेलेला माणूस लॉगिन कसा होईल? आबांच्या मुलाला फोन केला बदलापूरला. तो जरा ओशाळला. म्हणाला, मेल बाबांच्या नावानेच आली होती, पासवर्डपण त्यांच्याच नावाचा ठेवला, मी आपला त्यातूनच बघतो गावचे फोटो.

म्हटलं, तुझं वेगळं खातं करून देतो, हे काढून टाकतो, नियमाने काढायला पाहिजे.

"रवांदे रे," तो म्हणाला. "वर्गणी मी भरतंय."

मी ठेवलंय. फक्त फोटोच्या जागी तो करडा माणूस होता, तो काढून आबांचा जत्रेतला फेट्यातला फोटो लावला. स्कॅन करून घेतलेला, ९०० केबी, पहिल्या फटक्यात चढला.