'पास आउट' म्हणजे फक्त बेशुद्ध पडणं?

एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा येतो: "'आय पास्ड आउट फ्रॉम कॉलेज' म्हणू नका. पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे. ही चूक फक्त भारतीय करतात. बरोबर शब्द एकच, ग्रॅज्युएट."

मी इंग्रजी शिकवते. परवा मुलाखतीच्या सरावात एका मुलीनं हेच वाक्य म्हटलं. मागून कुणीतरी "कोण बेशुद्ध पडलं?" असं ओरडलं, वर्ग हसला आणि ती पुढचं सगळं विसरली. चारचौघांत उभं राहून ती पहिल्यांदाच इंग्रजी बोलत होती. म्हणून हे लिहितेय.

अर्थ एकच, हे चूक. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं पूर्ण करून कॅडेट 'अंतिम पग' ओलांडतात, त्या संचलनाचं नावच पासिंग आउट परेड. हा शब्द आपण घडवलेला नाही, तो ब्रिटिश फौजेतून आला. लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणं हा अर्थ ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे, ब्रिटिश वापर म्हणून. आपण तो कॉलेजलाही लावला, इतकंच.

तिसराही अर्थ आहे: वाटणं. 'पास आउट द पेपर्स' म्हणा किंवा 'पास द पेपर्स आउट', वस्तू मध्ये घालता येते. भोवळ येण्याच्या अर्थात मुळात कर्मच नसतं. आणि 'फ्रॉम द हीट' म्हटलं की चक्कर, 'फ्रॉम कॉलेज' म्हटलं की शिक्षण, हे वाक्यच सांगतं. मराठीत घसा बसतो, धंदा बसतो, मुलगी परीक्षेला बसते. आपला कधी गोंधळ होतो का?

'ग्रॅज्युएट हाच बरोबर' हा सल्ला तर काही मुलांना अडचणीत आणेल. अमेरिकेत शाळा संपवणाराही ग्रॅज्युएट होतो, पण ब्रिटनमध्ये हा शब्द मुख्यतः पदवीसाठी वापरतात. आपल्याकडेही ग्रॅज्युएट म्हणजे पदवीधरच. आयटीआय झालेल्या मुलानं अर्जात 'आय ग्रॅज्युएटेड' लिहिलं, तर वाचणारा त्याच्याकडे पदवीचं प्रमाणपत्र मागेल. त्यानं 'कम्प्लीटेड' लिहावं.

मेसेजमधली एक गोष्ट मला मान्य आहे. अमेरिकन माणसाला 'पास आउट' म्हटल्यावर आधी बेशुद्धीच आठवते. तिकडे अर्ज करताना पदवीधरांनी 'ग्रॅज्युएटेड' लिहावं, मीही तेच शिकवते. पण पुण्या-नाशिकच्या मुलाखतीत टेबलापलीकडे बसलेला माणूस स्वतःही कुठल्या तरी सालचा 'पासआउट' असतो. त्याला अर्थ कळतो.