खुलासा : मधला प्रभार बल अडवत नाही

कोल्हापुरात बारावीच्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक शॉर्टकट फिरतोय: एका रेषेत तीन बिंदुप्रभार (एका बिंदूत धरलेले विद्युत प्रभार) असले की टोकाच्यावर फक्त शेजारच्याचं बल धरायचं, पलीकडच्याचं मधला अडवतो. हे चूक आहे. दोन प्रभारांमधलं कूलोम बल, म्हणजे त्यांचं एकमेकांना ओढणं किंवा ढकलणं, तिसऱ्यामुळे बदलत नाही. प्रत्येकाचं वेगळं काढून दिशेसह बेरीज करायची.

करून बघा. हवेत १०-१० सेंमीवर +१ मायक्रोकूलोमचे तीन प्रभार. टोकाच्यावर शेजारच्याचं बल ०.९ न्यूटन, पलीकडचा दुप्पट लांब, आणि बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून त्याचं पाव, ०.२२५. दोन्ही बाहेरच्याच दिशेला, एकूण १.१२५. शॉर्टकट ०.९ वरच थांबतो. मधल्या प्रभारावर मात्र त्यानंही बरोबर शून्य येतं, म्हणून मुलांचा विश्वास बसतो.

सीईटीला हक्काचे मार्क जातील हो. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हे गणित टाका.