जळगावचं ऊन, लंकेचा घाम

बापूने मे महिन्याची श्रीलंकेची तिकिटं काढली आणि रविवारी कट्ट्यावर येऊन जाहीर केलं, "गरमीचं मले नका सांगू भो. ४५ डिग्रीत केळीला पाणी भरतो आपण. कोलंबोत ३२ म्हणजे गारवाच."

मी दोन वर्षांपूर्वी जुलैत जाऊन आलोय, त्यामुळे गप्प बसवेना. म्हटलं, आपलं ऊन कोरडं. घाम सुटला की वाऱ्यावर उडतो आणि अंग गार पडतं. आपला कूलर चालतो, माठातलं पाणी थंड होतं, ते याच कोरडेपणावर. तिथे हवाच ओली, घाम उडणार कुठे? नुसता ठिबकत राहतो. रात्री धुतलेला माझा बनियन सकाळी तसाच ओला; जळगावात तो अर्ध्या तासात पापड झाला असता. जीन्स घरी ठेव, ढगळ सुती कपडे घे, ओआरएसची पाकिटं घे.

"आणि स्वेटर," नाना म्हणाला. सगळे हसले. पण नाना बरोबर होता. नुवारा एलिया हे तिथलं डोंगरातलं गाव १,८०० मीटरच्या वर आहे, रात्री हुडहुडी भरते.

पिंट्याने मलेरियाच्या गोळ्यांचा विषय काढला. मलेरियामुक्त देश म्हणून डब्ल्यूएचओने २०१६ मध्येच श्रीलंकेला प्रमाणपत्र दिलंय. भीती डेंग्यूची, आणि तो डास दिवसाही चावतो. ताप आला तर पॅरासिटामॉल घ्यायची, डॉक्टर गाठायचा. आयबुप्रोफेनला हात लावायचा नाही.

खरा वाद पेटला पावसावरून. "पाऊस तर जूनमध्ये!" बापूचं पालुपद. आपल्याकडे जूनमध्ये रे, तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे मे उतरणीला लागताच कोलंबो-गॉलचा किनारा झोडपतात. मेमध्ये समुद्र हवा असेल तर पूर्वेला त्रिंकोमालीला जा. तिथला पावसाळा आपल्या हिवाळ्यात. बापूने हॉटेल गॉलला घेतलंय. पैसे परत मिळणार नाहीत, असं तो दोनदा म्हणाला.

नाना माळकरी, त्याला वेगळाच घोर. तो पण चाललाय ना बापूबरोबर. त्याला सांगितलं, भाताबरोबर खोबऱ्याची लाल चटणी देतात ना, पोल सांबोल, तिच्यात पुष्कळदा सुक्या मासळीचा चुरा असतो. आधी विचार, मग घास घे. मंदिरात गुडघे-खांदे झाकलेले हवेत, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. आत अनवाणी जावं लागतं आणि दगड असे तापतात की पायमोजे खिशात असू दे.

बापूला यातलं काही ऐकायचं नव्हतं. "समुद्रकाठी गार बिअर मारली की बस."

"पौर्णिमा कधी आहे बघ," मी म्हटलं. तिथे दर पौर्णिमेला पोया, सार्वजनिक सुट्टी, दारूविक्री बंद. वेसाक म्हणजे बुद्धपौर्णिमेला तर रस्तोरस्ती कंदील आणि फुकट जेवणाचे मंडप. आपला भंडाराच जणू, पण बिअर नाही.

बापूने मोबाईलवर कालनिर्णय उघडलं. बोट सरकवलं, थांबलं. पहिला नाना हसला.