स्पोर्ट क्वाडवर डबलसीट? अजिबात नाही!

"मामा, हे वाच, माझं तर ठरलंच," असं म्हणत डेन्व्हरच्या भाच्याने परवा एक मेसेज पाठवला. इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा येऊन गेला होता. मथळा असा: 'कोलोरॅडोच्या डोंगरात फिरायचंय? डोळे झाकून स्पोर्ट क्वाड घ्या.' स्पोर्ट क्वाड म्हणजे हँडलने चालवायची, एकट्यासाठीची, जाड टायरांची हलकी चारचाकी. आणि म्हणे डोळे झाकून! लिहिणाऱ्याने सिनॅमन पास ही इथली उंच खिंड चढून पाहिलीय की नाही, देव जाणे.

सगळ्यात भयंकर मुद्दा आधी घेतो. 'सीट लांब असते, बायको किंवा मूल मागे आरामात बसतं.' भाच्याची मुलगी नऊ वर्षांची आहे आणि नेमक्या याच ओळीवर साहेबांनी 'हे भारी' म्हणून लिहिलं होतं. अरे, ती लांबी चालवणाऱ्याला सरकण्यासाठी असते. चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे, वळणावर आत झुकायचं. मागे कुणी बसलं की ही जागाच जाते, वर सगळं वजन मागच्या ॲक्सलवर येतं. सपाटीला काही जाणवत नाही. खड्या चढावर अंगठ्याने थ्रॉटल जरा जास्त दाबला, की पुढची चाकं उचलतात आणि क्वाड मागे उलटते. तेव्हा खाली आधी सापडतं ते मागे बसलेलं पोर, आणि अंगावर दोनशे किलोच्या घरातली गाडी. पुण्यात स्कूटरवर तिघं बसायचो, त्या हिशेबाने इथे चालत नाही.

हे मामाचं मत म्हणून सोडून देऊ नका. १९८८ साली अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या दाव्यातून होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलारिस यांच्याशी कोर्टात करार झाला. तीनचाकी एटीव्हीची (एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटांवरच्या अशा हँडलवाल्या गाड्या, क्वाड हा त्यांचा चारचाकी प्रकार) नवी विक्री त्यातूनच थांबली आणि गाड्यांवर इशारे आले. आजही मोठ्यांच्या, एकट्याने चालवायच्या क्वाडवर ते छापलेले असतात: मागे कुणाला बसवू नका, सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये. म्हणजे 'बारा वर्षांचा मुलगासुद्धा २५० सीसीची क्वाड सहज हाकतो' हा मेसेजमधला मुद्दा गाडीवरचं स्टिकरच खोडून काढतं. शिवाय अल्पाइन लूपवर, म्हणजे याच खिंडींतून जाणाऱ्या डोंगरी कच्च्या रस्त्यावर, क्वाड चालवायला वाहन चालवण्याचा परवाना लागतो. बारा वर्षांच्या मुलाला तो कोण देणार? दोघांसाठी बनवलेली एटीव्ही मिळते, पण तिचा सांगाडाच लांब असतो आणि ती स्पोर्ट क्वाड नसते.

'चार चाकं आहेत, उलटत नाही.' वर सांगितलं तेवढं पुरे.

'जास्त सीसी म्हणजे जास्त चांगली.' यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. त्याच रस्त्यावरची इंजिनिअर पास ही खिंड १२,८०० फुटांवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहूनही कमी, त्यामुळे इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ताकद हवेतच जाते. माझी जुनी कार्ब्युरेटरवाली ४०० सीसीची क्वाड तिथे दमेकऱ्यासारखी खोकायची. लहान मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बसवल्यावर खोकला गेला, ताकद काही परत आली नाही. फ्युएल इंजेक्शन पेट्रोलचं माप आपोआप जुळवतं, पण नसलेला ऑक्सिजन ते कुठून आणणार? तेव्हा यामाहाची ६८६ सीसीची रॅप्टर ही स्पोर्ट क्वाड वर जास्त दम धरते, हे खरं. पण '४५० रेस क्वाड सगळ्यात भारी' हे पुढचं वाक्य त्याच दमात गिळू नका. ती इंजिन चढं फिरतं ठेवलं तरच ओढते. दगडगोट्यांतून पायी चालल्यासारखं हळू चढायचं असतं, तेव्हा क्लच अर्धवट दाबून दाबून बोटं भरून येतात.

'खालून भरपूर उंच.' साफ खोटं. रॅप्टरच्या मागच्या सलग ॲक्सलखाली जेमतेम अकरा सेंटिमीटर मोकळे असतात आणि स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) व ब्रेकची डिस्क तिथेच लोंबतात. खडकाळ वाटेवर पहिला फटका त्यांनाच. खाली जाड ॲल्युमिनिअमचं कवच बसवल्याशिवाय निघू नये. 'अरुंद वाटेवरून जाते' हे मात्र बरोबर आहे, पन्नास इंच रुंदीची मर्यादा असलेल्या ट्रेलवर ती बसते.

आणि शेवटी, 'रिव्हर्सची गरज काय?' होंडाच्या टीआरएक्स ४५० आर या स्पोर्ट क्वाडला रिव्हर्स नाही. एका बाजूला दरी, समोरून जीप येतेय आणि पावणेदोनशे किलोच्या आसपासची गाडी हँडल धरून, चढाला पाठ करून मागे ओढायची, हे मी एकाला करताना पाहिलंय. नंतर बराच वेळ तो दगडावर बसून होता. भाचा जी वापरलेली रॅप्टर बघायला जातोय तिला रिव्हर्स आहे. तो पडतो का, हे गाडी चालू करून बघ, म्हणून त्याला सांगितलंय. आणि लेकीला बघायला नेलंस तरी सीटवर बसवून फोटो काढू नकोस, नाहीतर तोही ग्रुपवर येईल.